टीपीएमटी नॉर्मल आली, आता गोळी सुरू करू का?

डॉक्टर, नमस्कार. आम्ही सांगली जिल्ह्यातले. माझे वडील, आप्पा, वय ५६, शेती करतात. गेल्या दिवाळीनंतर त्यांचं तोंड आलं ते बरंच होईना. बी-कॉम्प्लेक्सच्या गोळ्या झाल्या, नंतर छातीवर आणि पाठीवर फोड उठले. गावात सगळे नागीण म्हणाले, एकांनी ती उतरवूनही दिली. शेवटी मिरजेला स्किनच्या डॉक्टरांकडे गेलो. त्यांनी तुकडा काढून तपासला आणि पेम्फिगस व्हल्गॅरिस निघाला. आता प्रेडनिसोलोन ४० चालू आहे. फोड पुष्कळ कमी झालेत, पण शुगर वाढली आणि चेहरा सुजला. स्टेरॉइड कमी करता यावं म्हणून डॉक्टरांनी ॲझाथायोप्रिन ५० लिहून दिली आणि त्याआधी टीपीएमटीची (शरीरातल्या एका एन्झाइमची) तपासणी करायला लावली. रक्त मुंबईला पाठवलं, काही हजार गेले. रिपोर्टवर ‘नॉर्मल’ लिहिलंय. गोळ्या आणून ठेवल्यात, पण सुरू करायला हात धजत नाही. पुण्याचा चुलतभाऊ मेडिकल दुकान चालवतो. तो म्हणतो, इतकी वर्षं ही गोळी तपासणीशिवायच देतात, पैसे फुकट गेले. लेस्टरची आत्या म्हणते, तिकडे तपासल्याशिवाय ही गोळी देतच नाहीत. नेटवर वाचलं की ही कॅन्सरची गोळी आहे आणि रक्त संपवते. शेजारचे काका गाजरगवताच्या ॲलर्जीसाठी हीच गोळी आठवड्यातून एकदाच, एकदम सहा घेतात. मग आप्पांना रोज का? नॉर्मल आली म्हणजे आता धोका नाही ना? मी आणि माझ्या भावानेही तपासून घ्यावं का? (आप्पांना बीपीची गोळी आणि पायाच्या अंगठ्याच्या दुखण्यासाठी युरिक ॲसिडची १०० ची गोळी आधीपासून चालू आहे. ती गावातल्या डॉक्टरांनी दिलेली आहे, मिरजेच्या डॉक्टरांना सांगायची राहिली.)

ताई,

तुमच्या सगळ्या प्रश्नांची उत्तरं देते, पण पत्रातलं सगळ्यात महत्त्वाचं वाक्य तुम्ही शेवटी लिहिलंत, तेही कंसात. म्हणून सुरुवात तिथूनच.

ती युरिक ॲसिडची पट्टी हातात घ्या आणि मागे बारीक अक्षरांत काय छापलंय ते वाचा. मोठ्या अक्षरातलं कंपनीचं नाव सोडा, त्याखाली औषधाचं नाव असतं. तिथे ॲलोप्युरिनॉल असेल (१०० ची म्हणजे बहुधा तीच), किंवा फेब्युक्सोस्टॅट असेल, तर ॲझाथायोप्रिनची पहिली गोळी आज देऊ नका आणि उद्याही देऊ नका. मिरजेच्या डॉक्टरांना फोन करून ही गोळी चालू असल्याचं सांगा. ते काय म्हणतात ते ऐकूनच पुढे जा. हात धजत नव्हता ते बरंच झालं म्हणायचं.

प्रेडनिसोलोन मात्र सांगितल्याप्रमाणे चालू ठेवा. इतके दिवस बाहेरून स्टेरॉइड मिळालं की शरीर स्वतःचं बनवणं कमी करतं. अशा वेळी गोळी अचानक बंद केली तर बीपी कोसळू शकतं, आणि पेम्फिगसही उसळून येतो. स्टेरॉइड येण्यापूर्वीच्या काळात या आजाराचे बहुतेक रुग्ण काही वर्षांत दगावत. त्यामुळे घाबरून सगळंच बंद, असं व्हायला नको.

आता रिपोर्ट नॉर्मल असताना मी का अडवते आहे ते सांगते. ॲझाथायोप्रिन पोटात गेली की शरीर तिचं ६-मर्कॅप्टोप्युरिन बनवतं. त्याचा काही भाग पेशींच्या आत जाऊन थायोग्वानिन न्यूक्लिओटाइड्स नावाच्या पदार्थांत बदलतो, आणि काम करणारं औषध तेच. नवी पेशी तयार होताना ते डीएनएच्या साखळीत खऱ्या कडीच्या जागी जाऊन बसतात आणि पेशीची वाढ अडते. आप्पांच्या त्वचेच्या पेशींना एकमेकींशी बांधून ठेवणाऱ्या प्रथिनांवर हल्ला करणारी प्रतिपिंडं ज्या पांढऱ्या पेशींमुळे बनतात, त्या अशा मंदावतात. आपल्याला हवं ते एवढंच. पण हाडांच्या आतल्या मगजातही रोज कोट्यवधी रक्तपेशी तयार होत असतात, आणि औषधाला त्यांची आणि यांची ओळख पटत नाही. पातळी बेताची राहिली तर आजार दबतो. ती फार चढली तर पांढऱ्या पेशी, प्लेटलेट, सगळंच उतरायला लागतं.

शेतावरच्या हौदाला पाणी बाहेर सोडायला तीन तोट्या आहेत असं समजा. पहिली झँथिन ऑक्सिडेज हे एन्झाइम, म्हणजे शरीरातली रासायनिक कामं उरकणारं प्रथिन. ते औषधाचा मोठा भाग निरुपद्रवी करून लघवीवाटे बाहेर काढतं. दुसरी टीपीएमटी, तीही औषधाला वेगळ्या रूपात वळवून सक्रिय पदार्थ कमी बनू देते. तिसरी एनयूडीटी-१५. ती पेशीच्या आत, अगदी शेवटच्या टप्प्यावर काम करते आणि तयार झालेला सक्रिय पदार्थ डीएनएत शिरण्याआधी त्याचा जोर काढून घेते. तुम्ही काही हजार देऊन तपासलीत ती फक्त दुसरी तोटी. ती व्यवस्थित चालते, हे रिपोर्टने सांगितलं, आणि ते चांगलंच आहे.

ॲलोप्युरिनॉल पहिली तोटी बंद करतं. युरिक ॲसिड बनवणारं एन्झाइमही तेच, झँथिन ऑक्सिडेज. ते अडलं की युरिक ॲसिड उतरतं आणि अंगठा दुखायचा थांबतो. पण त्याच वाटेने बाहेर जाणारं ॲझाथायोप्रिनही मग आतच साठतं. दोन्ही पूर्ण डोसने सोबत दिल्यावर पांढऱ्या पेशी धोकादायक पातळीपर्यंत घसरल्याच्या नोंदी जगभर आहेत. अशा रुग्णांत टीपीएमटी अगदी उत्तम असली तरी फरक पडत नाही.

गंमत म्हणा किंवा काहीही म्हणा, या दोन्ही गोळ्या एकाच प्रयोगशाळेतून आलेल्या आहेत. अमेरिकेत न्यूयॉर्कजवळ बरोज वेलकम कंपनीत गर्ट्रूड एलियन आणि जॉर्ज हिचिंग्ज यांनी आधी ६-मर्कॅप्टोप्युरिन बनवलं, मग १९५७ मध्ये त्यापासून ॲझाथायोप्रिन. मर्कॅप्टोप्युरिन शरीरात फार लवकर मोडतं, ते टिकावं म्हणून झँथिन ऑक्सिडेजला अडवणारा पदार्थ त्यांनी हाताशी घेतला, तो ॲलोप्युरिनॉल. त्याने युरिक ॲसिड कमी होतं हे दिसल्यावर १९६६ मध्ये अमेरिकेत ते गाउटचं, म्हणजे युरिक ॲसिडमुळे सांधा सुजण्याच्या आजाराचं, औषध म्हणून बाजारात आलं. म्हणजे ॲलोप्युरिनॉलने या गटातल्या औषधाची ताकद वाढते, हा अनपेक्षित दुष्परिणाम मुळीच नाही. मूळ शोध त्याचसाठी चालला होता. या दोघांना १९८८ मध्ये नोबेल मिळालं. आणि साठ वर्षांनंतरही दोन वेगवेगळ्या डॉक्टरांच्या दोन वेगवेगळ्या चिठ्ठ्यांवर या गोळ्या एकाच घरात येतात, कुणाला पत्ता नसतो.

मिरजेचे डॉक्टर काय करतील? तीनेक मार्ग आहेत, निवड त्यांची. एक, ॲझाथायोप्रिनऐवजी दुसरंच औषध. मायकोफेनोलेटचा या एन्झाइमशी संबंध नाही, आणि पेम्फिगसमध्ये ते चालतं. रिटुक्सिमॅबचं इंजेक्शनही आता पेम्फिगसमध्ये लवकर वापरतात. अमेरिकेत २०१८ मध्ये त्याला या आजारासाठी मान्यता मिळाली. त्याचा खर्च मात्र नीट विचारून घ्या. दुसरा मार्ग युरिक ॲसिडच्या गोळीचीच फेरतपासणी. आप्पांना ती खरोखर आयुष्यभर लागणार आहे का? बीपीची गोळीही या निमित्ताने दाखवा. बीपीच्या कित्येक गोळ्यांत हायड्रोक्लोरोथायाझाइड मिसळलेलं असतं, आणि ते युरिक ॲसिड वाढवतं. कधी कधी बीपीची गोळी बदलल्यावर अंगठ्याचं दुखणं बरंच सुधारतं. शिवाय प्रेडनिसोलोन चालू असेपर्यंत गाउटची सूज तशीही दबलेली राहते, त्यामुळे विचार करायला थोडी उसंत आहे. पण ही गोळी तुमची तुम्ही बंद करू नका, दोन्ही डॉक्टरांना ठरवू दे.

तिसरा मार्ग, दोन्ही औषधं ठेवायची आणि ॲझाथायोप्रिनचा डोस नेहमीच्या पाव भागावर आणायचा. काही पोटविकारतज्ज्ञ विशिष्ट रुग्णांत हे मुद्दाम करतात. म्हणून ‘आमच्याकडे एकजण दोन्ही घेतो, त्याला काही झालं नाही’ असं कुणी सांगितलं तर ते खोटं असेलच असं नाही. पण त्या रुग्णाचा डोस मोजून बसवलेला असतो आणि रक्तावर सतत नजर असते. माझं मत विचाराल तर गावाकडे राहणाऱ्या, दर आठवड्याला रक्त तपासायला तालुक्याला जावं लागणाऱ्या माणसासाठी हा मार्ग मी शेवटी ठेवीन. फेब्युक्सोस्टॅट हा सुरक्षित पर्याय समजून कुणी गोळी बदलून देईल, तर तेही नको. ती गोळीही त्याच तोटीला बूच लावते, आणि तिच्या माहितीपत्रकातच ॲझाथायोप्रिनसोबत देऊ नये असं लिहिलेलं आहे.

सांगायचं राहिलं म्हणून स्वतःला दोष देत बसू नका. डॉक्टर विचारतात ‘आणखी काही औषधं चालू आहेत का’, आणि घरची माणसं फक्त त्या आजाराची औषधं सांगतात. हे घराघरांत होतं. चुलतभावाचं मेडिकल दुकान आहे, त्याला यात कामाला लावा. आप्पांच्या सगळ्या पट्ट्यांचे फोटो त्याला पाठवा, त्याने औषधांची नावं नीट लिहून द्यावीत, आणि तो कागद फाईलच्या पहिल्या पानावर लावा. पोटाच्या, दाताच्या, तापाच्या, कुठल्याही डॉक्टरांना आधी तोच दाखवायचा.

आता चुलतभाऊ आणि आत्या यांचा वाद. दोघंही बरोबर आहेत, आणि दोघांचंही अर्धंच बरोबर आहे.

अमेरिकेतल्या मेयो क्लिनिकमध्ये रिचर्ड वाइनशिलबॉम आणि त्यांच्या सहकाऱ्याने १९८० मध्ये लाल रक्तपेशींमधली टीपीएमटी मोजून दाखवलं, की ती माणसागणिक बदलते आणि आईवडिलांकडून येते. युरोपीय वंशाच्या लोकांत साधारण दर दहा जणांत एकाची अर्धवट असते आणि तीनशे जणांत एकाची जवळपास नसतेच. ज्याची नसते त्याला नेहमीचा डोस दिला तर काही आठवड्यांत रक्त गडगडतं. म्हणून ब्रिटनमधल्या त्वचारोगतज्ज्ञांच्या संघटनेच्या मार्गदर्शक सूचनांत गोळी सुरू करण्याआधी सर्वांची टीपीएमटी बघायला सांगितलेलं आहे. आत्या म्हणते ते हेच.

नेदरलँड्समध्ये आतड्यांच्या आजाराच्या रुग्णांवर एक मोठी चाचणी झाली, तिचे निष्कर्ष २०१५ मध्ये आले. अर्ध्या रुग्णांची आधी टीपीएमटीची जनुकीय तपासणी केली, अर्ध्यांना सरळ गोळी दिली. सगळ्यांचा एकत्र हिशेब केला तर पांढऱ्या पेशी घटण्याचं प्रमाण दोन्हीकडे सारखंच निघालं. चुलतभावाला हा निकाल आवडेल. पण ज्यांचं जनुक कमजोर होतं तेवढेच वेगळे काढले, तर तपासून डोस कमी केलेल्यांत २.६ टक्के जणांच्या पेशी घटल्या आणि न तपासलेल्यांत २२.९ टक्के जणांच्या. तपासणीचा फायदा थोड्यांना होतो, पण ज्यांना होतो त्यांना फार मोठा होतो, आणि ते थोडे कोण हे चेहऱ्यावर लिहिलेलं नसतं.

दोघांच्याही बोलण्यात एक गोष्ट आली नाही, आणि आपल्यासाठी तीच जास्त महत्त्वाची. भारतात टीपीएमटीचा दोष युरोपपेक्षा बराच कमी आढळतो. तरीही आपल्याकडच्या रुग्णांच्या पांढऱ्या पेशी कमी डोसवरही घटताना दिसत. कोरिया, चीन, जपानमध्येही तेच कोडं होतं. २०१४ मध्ये कोरियातल्या संशोधकांनी ते सोडवलं: गोष्ट तिसऱ्या तोटीची, एनयूडीटी-१५ ची निघाली. या जनुकाची कमजोर प्रत युरोपात अगदी विरळ, पूर्व आशियात पुष्कळ, आणि भारतातही साधारण दहा जणांत एकाच्या आसपास आढळते. म्हणजे टीपीएमटीचा युरोपीय नियम जसाच्या तसा उचलून आपण आपल्या माणसांचं निम्मं घर उघडंच ठेवत होतो.

म्हणून पुढे कधी ॲझाथायोप्रिनच द्यायचं ठरलं, तर डॉक्टरांना विचारा की एनयूडीटी-१५ ची तपासणी करता येईल का. मोठ्या प्रयोगशाळांत हल्ली टीपीएमटी आणि एनयूडीटी-१५ ही जनुकीय तपासणी एकत्र होते. ती रक्तातूनच होते आणि आयुष्यात एकदाच करावी लागते, कारण जनुकं बदलत नाहीत. दोन्ही प्रती चांगल्या असतील तर नेहमीचा डोस. एक कमजोर असेल तर डोस कमी, साधारण नेहमीच्या ३० ते ८० टक्क्यांच्या दरम्यान, आणि वाढवायचा तोही सावकाश. दोन्ही कमजोर असतील तर कॅन्सरसाठी नाइलाजाने अगदी अल्प डोस देतात, पण त्वचेच्या आजारासाठी सरळ दुसरं औषध निवडलेलं बरं. पैशाची ओढाताण असेल आणि एकच तपासणी करणं शक्य असेल, तर मराठी माणसासाठी मी एनयूडीटी-१५ ला झुकतं माप देईन. तुमच्या डॉक्टरांनी टीपीएमटी करायला लावली यात त्यांची चूक काही नाही. आपल्याकडे पुष्कळ ठिकाणी निदान एवढीही होत नाही.

तुमच्या रिपोर्टवर आणखी एक गोष्ट बघा. तपासणी एन्झाइमची आहे की जनुकाची? एन्झाइमची असेल तर ती लाल पेशींत मोजलेली असते. गेल्या तीन-चार महिन्यांत आप्पांना रक्त चढवलं असेल, तर मोजलं गेलं ते थोडंफार दात्याचं एन्झाइम. तसं काही झालं असेल तर डॉक्टरांना सांगा. झालं नसेल तर हा मुद्दा सोडून द्या.

‘नॉर्मल आली म्हणजे धोका नाही ना’ या प्रश्नाचं सरळ उत्तर: धोका कमी झाला, संपला नाही. या गोळीवर ज्यांच्या पांढऱ्या पेशी घटतात त्यांतल्या बहुतेकांची टीपीएमटी नॉर्मलच असते. कुठलीही जनुकीय तपासणी सीबीसीची, म्हणजे रक्तपेशींच्या साध्या मोजणीची, जागा घेत नाही. शंभर-दोनशे रुपयांच्या सीबीसीने जेवढे जीव वाचवले असतील, तेवढे या महागड्या तपासण्यांनी अजून तरी वाचवलेले नाहीत, असं मला प्रामाणिकपणे वाटतं. महागडी तपासणी झाली की घरचे निर्धास्त होतात आणि स्वस्तातली राहून जाते, याची मला जास्त धास्ती आहे.

गोळी सुरू करण्याआधी सीबीसी, लिव्हर, किडनी, हिपॅटायटिस बी आणि सी, एचआयव्ही, आणि टीबीसाठी छातीचा फोटो हे झालेलं असतंच, नसेल तर विचारा. सुरू केल्यावर पहिले चार आठवडे दर आठवड्याला सीबीसी आणि लिव्हरची तपासणी. डोस वाढवला की पुन्हा लवकर लवकर. सगळं स्थिर झाल्यावरही निदान तीन महिन्यांतून एकदा, गोळी चालू असेपर्यंत. दोन वर्षं काही झालं नाही म्हणून तपासण्या सोडणारे पुष्कळ असतात. एखादा विषाणूचा ताप किंवा एखादी नवी गोळी मध्ये आली तर दोन वर्षांनीही पेशी घटू शकतात.

रिपोर्ट वाचताना एक खाच लक्षात ठेवा. प्रेडनिसोलोनने पांढऱ्या पेशींचा आकडा मुळातच फुगतो. स्टेरॉइडवर कित्येकांचा आकडा १२,००० किंवा १४,००० असतो. मग तो ६,००० वर आला तर कागदावर नॉर्मलच दिसतो, त्याला लाल बाण नसतो, आणि लॅबवालाही काही बोलत नाही. पण दोन आठवड्यांत निम्म्यावर आलेला आकडा डॉक्टरांच्या नजरेला पडायलाच हवा. म्हणून प्रत्येक वेळी आधीचे रिपोर्टही सोबत न्या, शक्यतो एकाच लॅबमधून करा, आणि एका वहीत तारीख, पांढऱ्या पेशी, न्यूट्रोफिल (पांढऱ्या पेशींचाच एक प्रकार), प्लेटलेट आणि एसजीपीटी (लिव्हरचा आकडा) ओळीने लिहीत जा. पांढऱ्या पेशी ४,००० च्या खाली किंवा प्लेटलेट १,५०,००० च्या खाली आल्या तर पुढच्या तारखेची वाट न बघता त्याच दिवशी फोन.

आणि घरात सगळ्यांना सांगून ठेवा: या गोळीवर असताना ताप आला तर तो साधा ताप नाही. पॅरासिटामॉल देऊन रात्र काढायची नाही, त्याच दिवशी सीबीसी. पावसाळ्यात गावात सगळ्यांनाच ताप असतो, तरीही. अंगावर आपोआप काळेनिळे डाग, हिरड्यांतून रक्त, घसा फार दुखणं, पोटात वरच्या बाजूला पाठीपर्यंत जाणारी जोराची कळ (ती स्वादुपिंडाची सूज असू शकते), यातलं काहीही दिसलं तर तसंच. तोंडातले व्रण आप्पांच्या आजारातही असतात, त्यामुळे गोंधळ होणार. व्रण बरे होत असताना अचानक वाढले तर आजार उलटला असंच न समजता रक्तही बघून घ्या. सुरुवातीच्या आठवड्यांत केस मूठमूठ गळायला लागले तर ते एनयूडीटी-१५ कमजोर असल्याचं लक्षण असू शकतं, आणि त्याच सुमाराला पांढऱ्या पेशीही घसरत असतात. ‘स्टेरॉइडची उष्णता झाली’ म्हणून तेल लावत बसू नका.

पहिल्या महिन्यात ताप, उलट्या, अंगदुखी आणि पुरळ असं एकदम आलं तर ती या औषधाची ॲलर्जी असू शकते. कुठलीही एन्झाइमची तपासणी ती आधी ओळखू शकत नाही. तसं झालं तर औषध थांबवून डॉक्टरांकडे, आणि नंतर पुन्हा ते करून बघायचं नाही.

गावातल्या डॉक्टरांनाही ही गोळी चालू असल्याचं माहीत हवं. जुलाबासाठी किंवा लघवीच्या इन्फेक्शनसाठी सहज दिलं जाणारं कोट्रायमॉक्सॅझोलसुद्धा यासोबत पेशी आणखी खाली नेऊ शकतं. आणि कुणी ‘इम्युनिटी’ वाढवायला गुळवेलीचा काढा देईल, तर नम्रपणे नको म्हणा. करोनाच्या काळात मुंबईतल्या यकृततज्ज्ञांनी गुळवेल घेतल्यानंतर लिव्हरला सूज आलेले रुग्ण नोंदवले होते. त्यावर वादही झाला. पण आप्पांची प्रतिकारशक्ती स्वतःच्याच त्वचेवर उलटलेली आहे, तिला आणखी चेतवून आपल्याला काय मिळवायचंय?

कॅन्सरच्या गोळीबद्दल: मर्कॅप्टोप्युरिन लहान मुलांच्या रक्ताच्या कॅन्सरसाठी १९५३ पासून वापरात आहे, आणि ॲझाथायोप्रिन तिच्याच घराण्यातली. नेटवर वाचलंत त्याचं मूळ तिथे आहे. ॲझाथायोप्रिन १९६० च्या दशकापासून किडनी बदललेल्या रुग्णांना, आणि नंतर संधिवात, ल्युपस, आतड्यांचे आजार, त्वचेचे आजार यांत देत आले आहेत. वर्षानुवर्षं घेतल्यास त्वचेच्या कॅन्सरचा धोका वाढतो, म्हणून उन्हात शेतात जाताना पूर्ण बाह्यांचा सदरा आणि टोपी किंवा पटका हवाच. रक्त मात्र संपत नाही. पेशी घटल्या आणि वेळीच गोळी थांबवली, तर बहुतेकांच्या पुन्हा भरून येतात.

शेजारच्या काकांचं बरोबरच आहे. गाजरगवत, ज्याला आपण काँग्रेस गवतही म्हणतो, ते भारतात पहिल्यांदा नोंदलं गेलं ते १९५५ मध्ये आपल्या पुण्यात. त्याच्या ॲलर्जीने चेहरा, मान, कोपराची खोबण सोलून निघालेल्या शेतकऱ्यांना ॲझाथायोप्रिन देतात. आठवड्यातून एकदाच ३०० मिलिग्रॅम, म्हणजे ५० च्या सहा, ही पद्धत दिल्लीच्या एम्समधल्या त्वचारोगतज्ज्ञांनी त्या आजारात वापरून दाखवलेली आहे. आजार वेगळा, म्हणून वेळापत्रक वेगळं. आप्पांना नेहमीच्या पद्धतीत रोजची गोळी वजनाच्या हिशेबाने लागते, आणि सुरुवातीची ५० ही बहुधा पहिली पायरीच आहे. दोन्ही घरांतल्या गोळ्या मात्र चुकूनही अदलाबदल होऊ देऊ नका. रोज सहा गोळ्या गेल्या तर अनर्थ होईल. त्याच कारणाने मेथोट्रेक्सेट ही आठवड्यातून एकदाच घ्यायची गोळी रोज घेऊन माणसं दगावलेली आहेत.

गोळी कुठलीही ठरली तरी तिचा गुण लगेच दिसणार नाही, हेही आप्पांना आत्ताच सांगा. ॲझाथायोप्रिनला जोर धरायला सहा ते आठ आठवडे लागतात, कधी बारा. तोपर्यंत स्टेरॉइड लक्षणीय कमी करता येत नाही आणि शुगर सांभाळावीच लागते. तिसऱ्या आठवड्यात ‘काही फरक नाही’ म्हणून औषध सोडणारे रुग्ण पुष्कळ असतात.

तुम्ही आणि तुमचा भाऊ. पेम्फिगस लागट नाही, आप्पांच्या ताटात जेवलात तरी काही होणार नाही. तो थेट बापाकडून मुलाकडे येतो असंही नाही, त्यासाठी तुमची कुठलीही तपासणी करायची गरज नाही. टीपीएमटी आणि एनयूडीटी-१५ ची एक-एक प्रत आप्पांकडून आणि एक-एक तुमच्या आईकडून तुम्हाला मिळालेली आहे, त्यामुळे आप्पांच्या नॉर्मल रिपोर्टवरून तुमचं पक्कं काही ठरत नाही. पण कमजोर प्रत असली तरी तिच्यामुळे माणूस आजारी पडत नाही. ती फक्त ही औषधं घ्यायची वेळ आली तरच महत्त्वाची. ती वेळ येईपर्यंत पैसे खर्च करू नका. आप्पांची पुढे एनयूडीटी-१५ झाली आणि त्यात काही दोष निघाला, तर तो कागद जपून ठेवा आणि तुमच्या फाईलमध्ये एक ओळ लिहून ठेवा, एवढं पुरे.